‘याच्यात काही नाही’ म्हणण्याआधी

लोणार सरोवराचं पाणी पिण्याच्या कामाचं नाही आणि शेतीच्याही नाही. खारट तर ते आहेच, पण त्याहून अधिक क्षारी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. मासे त्यात जगत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी या पाण्याकडे तीर्थ म्हणून पाहिलं, नाहीतर क्षारांची खाण म्हणून. जुन्या नोंदींत इथल्या क्षारांची नावं सापडतात: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ते साबणाला लागत, बांगडीच्या काचेला लागत. या पाण्यात जगणारं काही असेल, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नव्हता.

पुढे शास्त्रज्ञांना तो पडला. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या, म्हणजे सीसीएमबीतल्या संशोधकांनी लोणारच्या पाण्यातून तोवर जगाला माहीत नसलेले जिवाणू वेगळे केले. २०१० मध्ये ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ची नोंद झाली आणि २०१२ मध्ये ‘सेसेंबिया लोणारेन्सिस’ची. दुसऱ्या नावातला पहिला शब्द संस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतला आहे, दुसरा लोणार गावावरून. बुलढाणा जिल्ह्यातलं एक गाव असं जीवशास्त्राच्या जागतिक नोंदवहीत जाऊन बसलं.

हे जीव सापडले कसे, त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर त्यांना खाद्य असलेलं माध्यम द्यावं लागतं. लोणारमधले अनेक जीव साध्या माध्यमात वाढत नाहीत. बशी रिकामी राहते आणि पाहणारा म्हणतो, ‘यात काही नाही.’ त्याच पाण्याचा थेंब मीठ आणि क्षार घातलेल्या माध्यमात टाकला, की वसाहती उगवतात. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झालं, तेव्हाही असंच घडलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगाचं कारण सांगितलं: मीठप्रेमी सूक्ष्मजीव. ते काही आदल्या रात्री येऊन पडले नव्हते. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि जे आधीपासून होतं ते डोळ्यांना दिसलं.

माणसातल्या सुप्त गुणांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण तपासतो एकाच बशीत: परीक्षेचे गुण, नाहीतर महिन्याचा पगार. तिथे काही उगवलं नाही, की घरात शेरा पडतो, ‘पोट्ट्यात काई दम नाई.’ हा शेरा मारण्याआधी काय काय करून पाहता येतं, ते इथे क्रमाने सांगतो. आईवडिलांसाठी आणि शिक्षकांसाठी हे आहेच, शिवाय चाळिशी ओलांडल्यावर ‘आपल्याच्याने आता काय होणार’ म्हणणाऱ्यांसाठीही आहे.

आधी खिसा सांभाळा

सुप्त शक्तीच्या नावावर मोठा बाजार चालतो. त्यातल्या तीन गोष्टी ओळखून ठेवा.

पहिली, ‘माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, उरलेला आम्ही जागा करतो.’ हे साफ खोटं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोनेक टक्के असतं, पण शरीराच्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. एवढा खर्चिक अवयव नव्वद टक्के रिकामा बसलेला नसतो. झोपेतसुद्धा त्याचे भाग काम करत असतात.

दुसरी, ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं मूल पत्त्याचा रंग सांगतं, पुस्तक वाचतं आणि पालक हजारो रुपये मोजतात. मूल वाचतं ते नाकाजवळच्या फटीतून. खात्री करायची तर पत्ता त्याच्या कपाळापुढे किंवा पाठीमागे धरा. विद्या लगेच संपते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे दावे वेळोवेळी उघडे पाडले आहेत. शिवाय यात मूल मोठ्यांना फसवायला शिकतं, हे नुकसान फीपेक्षा मोठं.

तिसरी, बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा प्रकार आणि करिअर सांगणारी चाचणी. ठसे गर्भातच ठरतात. त्यावरून मूल डॉक्टर होईल की चित्रकार, हे सांगण्याला शास्त्रीय आधार नाही.

कुणीही ‘दडलेली शक्ती’ विकायला आलं तर एवढंच विचारा: सहा महिन्यांनी काय बदलेल, ते मोजणार कसं, आणि बदललं नाही तर पैसे परत मिळतील का? खरा शिक्षक पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. ठग तिसऱ्या प्रश्नाला विषय बदलतो.

पहिली पायरी: माध्यम बदलून पाहा

ज्या कामात माणूस कमी पडतो, त्याच कामाची जास्तीची शिकवणी लावणं हा आपला आवडता उपाय. तो कधी लागू पडतो, कधी नाही. त्याआधी स्वस्तातला एक उपाय करा. वहीचे चार भाग पाडा: हातांचं काम, आकड्यांचं काम, शब्दांचं काम, माणसांचं काम. प्रत्येक भागातलं एक खरं काम महिनाभर मुलाकडे, किंवा स्वतःकडे, सोपवा. काम खरं हवं. ते बिघडलं तर कुणाचं तरी अडलं पाहिजे आणि नीट झालं तर कुणाला तरी फरक पडला पाहिजे.

हातांचं काम म्हणजे ठिबकच्या नळ्या जोडणं, पंपाचा स्टार्टर उघडून पाहणं, शिलाई. आकड्यांचं म्हणजे सोयाबीनच्या एका एकराचा पेरणीपासून बाजार समितीतल्या पट्टीपर्यंतचा हिशेब. शब्दांचं म्हणजे ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज लिहिणं, आजीला बातम्या वाचून दाखवणं. माणसांचं म्हणजे सप्ताहातली पंगत सांभाळणं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी दोनशे पानांची पंगत कुणाचा आवाज न चढू देता उरकते, हे शाळेच्या प्रगतिपुस्तकात कुठेच येत नाही.

महिनाभर शाबासकी मोजू नका. एकच गोष्ट पाहा: चुकल्यावर हा माणूस कुणी न सांगता पुन्हा करून पाहतो का? जिथे तो असा परत परत जातो, तिथे मुळं धरण्याची शक्यता जास्त.

जिल्ह्यात अशी माध्यमं आहेत. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी विनामूल्य सेवा देतात. गावी मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस तिथे चपला सांभाळतो, भांडी घासतो, महाप्रसाद वाढतो. हुद्दा बाजूला ठेवल्यावर आपल्याला काय जमतं आणि काय पेलत नाही, हे अशा सेवेत लवकर कळतं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात महाराष्ट्रातल्या गावागावांत हेच दिसलं. ग्रामसभेत मागे बसणाऱ्या बाया ए-फ्रेम घेऊन समतल रेषा आखू लागल्या. गणिताचं पुस्तक दाखवलं असतं तर ‘आमाले नाई जमत’ म्हणाल्या असत्या.

दुसरी पायरी: राग कुठे येतो ते लिहून ठेवा

‘तुझी आवड काय?’ या प्रश्नाला बहुतेकांना उत्तर देता येत नाही. ‘कुठली गोष्ट तुला सहनच होत नाही?’ याला मात्र चटकन येतं. तिथून सुरुवात करा.

आपल्या जिल्ह्यातलं याचं सर्वांत ठळक उदाहरण ताराबाई शिंदे यांचं. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंचं शिक्षण घरीच झालं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येच्या आरोपाखाली आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंना ती सहन झाली नाही. त्यांनी उत्तर लिहिलं आणि १८८२ मध्ये ते पुण्यात छापून आलं: ‘स्त्रीपुरुष तुलना’. किंमत नऊ आणे, प्रती पाचशे. पोथ्या-पुराणांपासून नाटकं-कादंबऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी जाब विचारला: जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय?

आज हे पुस्तक भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांत गणलं जातं. लिहिणारी बाई बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या गावातली, आधी कुठलंही पुस्तक नावावर नसलेली. तिच्यातली लेखिका संतापाने बाहेर काढली. पण संताप एकट्याने पुरला नसता. घरात पुस्तकं होती, अक्षरओळख होती, वाद घालणाऱ्या माणसांची ये-जा होती. आपल्या घरासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: मुलीला राग आला तर ‘गप बस’ म्हणण्याआधी कागद द्या, आणि कागद द्यायच्या आधी वाचायला पुस्तकं द्या.

स्वतःसाठी करायचं असेल तर पंधरा दिवस रोज एक ओळ लिहा: आज कशाचा राग आला आणि मी असतो तर काय केलं असतं. शेवटी सगळ्या ओळी एकत्र वाचा. एखादा विषय पुन्हा पुन्हा येतो: रस्ता, शाळा, औषधं, पाणी, हिशेबातली लबाडी. त्या विषयातलं एक छोटं काम लगेच हाती घ्या. नुसती चिडचिड आणि काम करायला लावणारा राग यांतला फरक काम हाती घेतल्यावरच कळतो.

तिसरी पायरी: जे वाढवायचं ते मोजा

गुण दिसला म्हणजे तो वाढलाच असं नाही. बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत उतरला, तेव्हा कंपाउंड प्रकारात त्याच्यासमोर अंतिम फेरीत नेदरलँड्सचा माइक श्लोसर होता, त्या वेळचा जगातला अव्वल खेळाडू. प्रथमेशने त्याला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय कंपाउंड संघातही तो होता.

या गुणसंख्येकडे जरा थांबून पाहा. सामन्यात पंधरा बाण, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण, अंतर पन्नास मीटर. १४९ म्हणजे पंधरापैकी एकच बाण नवाच्या वर्तुळात गेला. इतक्या बारीक फरकाची लढाई ‘अंगात उपजतच आहे’ या बळावर कुणी जिंकत नाही. तिरंदाजीत प्रत्येक बाणाची नोंद होते. आजचा बाणांचा गट कालच्यापेक्षा डावीकडे का गेला, हे विचारता येतं आणि दुरुस्तही करता येतं.

कुठलंही कौशल्य असं मोजण्याजोगं करून घ्या. इंग्रजी सुधारायचं असेल तर ‘रोज अभ्यास’ असं लिहू नका. ‘एक परिच्छेद मोठ्याने वाचला, इतक्या ठिकाणी अडलो’ असं लिहा. पखवाज शिकत असाल तर एकच बोल किती लयीत न चुकता वाजतो, ते लिहा. तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर मेहनतीला दोष देण्याआधी पद्धत बदला, नाहीतर शिकवणारा बदला. त्यानंतरही हलला नाही तर ते काम सोडून द्या. त्यात कमीपणा नाही. एवढं करून सोडणं आणि सुरुवातच न करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चौथी पायरी: पाहणारा माणूस शोधा, आणि स्वतः तसा व्हा

२३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराजांचा प्रकटदिन. परंपरेने सांगितलेली कथा वऱ्हाडात घराघरांत माहीत आहे. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरापुढे टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाणारा एक तरुण बसला होता. रस्त्याने जाणाऱ्या कितीकांनी तो वेडा म्हणून पाहिला असेल. बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना तो वेगळा वाटला, आणि ते थांबले. तुमची श्रद्धा असो वा नसो, या कथेत थांबणाऱ्याचंही मोल आहे.

ताराबाईंच्या बाबतीत असा पाहणारा जोतीराव फुले होते. पुस्तकावर टीका झाली तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांनी ताराबाईंची जाहीर बाजू घेतली.

शिक्षकांनी आणि पालकांनी करायचं काम अवघड नाही. दर आठवड्याला एका मुलाकडे, ज्याचं नाव एरवी तक्रारीतच निघतं त्याच्याकडे, खेळताना आणि काम करताना पंधरा मिनिटं न बोलता पाहा. मग त्याला एक नेमकं वाक्य सांगा. ‘हुशार आहेस’ या शब्दांनी काही हाती लागत नाही. ‘भांडण सुरू झालं तेव्हा तू दोघांनाही वेगवेगळं नेऊन बोललास, ते मी पाहिलं’ हे वाक्य त्याच्या लक्षात राहतं, कारण आपण काय केलं ते त्यात त्याला दिसतं.

पाचवी पायरी: वयाची आणि गावाची सबब बाजूला ठेवा

मेहकरचे ना. घ. देशपांडे वकील होते. त्यांच्या कवितेला गायक जी. एन. जोशी यांनी सूर दिला आणि मराठी भावगीताच्या उगमापाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. तरी ‘शीळ’ हा पहिला संग्रह आला १९५४ मध्ये, कवीच्या पंचेचाळिशीत. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९८६ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर. या सगळ्या काळात पत्ता मेहकरच राहिला.

चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने दिवसातली चाळीस मिनिटं बांधून घ्यावीत आणि ती शक्यतो पहाटेची असावीत, कारण संध्याकाळवर घरातल्या सगळ्यांचा हक्क असतो. पहिल्या वर्षी कुणाला दाखवण्याची घाई करू नये.

सहावी पायरी: नोंद ठेवा

ताराबाईंचं पुस्तक छापलं गेलं, त्यावर टीका झाली, आणि मग ते विस्मृतीत गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मधली नव्वदहून अधिक वर्षं बुलढाण्याच्या लेकीसुनांना आपल्या गावात अशी बाई होऊन गेली, याचा पत्ता नव्हता. त्यांचं दुसरं पुस्तकही आपल्यापुढे नाही. छापील प्रत उरली म्हणून एवढं तरी हाती आलं.

तुमच्या घरातल्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, एखाद्या काकांना पाऊस पडण्याआधीची चिन्हं कळत असतील, मामीची गोधडीची टाच वेगळी असेल. यातलं काहीच कागदावर नसतं. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, पण सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख सांगा. नावाविना केलेलं मुद्रण दहा वर्षांनी कुणाचं हेच कळत नाही. दोन प्रती दोन घरी ठेवा. आजीला विचारताना ‘तुला काय येतं?’ असं विचारू नका, ती ‘काई नाई’ म्हणेल. ‘हे तू कुणाकडून शिकलीस?’ असं विचारा.

मुलांना घेऊन लोणारला जायचं असेल तर

मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर. जाण्याआधी मुलांना एवढं सांगा: हे विवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालं, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि आघाताचे पक्के पुरावे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी पुष्कळ तज्ज्ञ त्याला ज्वालामुखीचं काम समजत. चंद्र आणि मंगळावरही बेसाल्ट आहे, म्हणून तिथली विवरं आणि जीवसृष्टीची शक्यता समजून घेऊ पाहणाऱ्यांना लोणार जवळचं वाटतं.

काठावरून पाहून परत फिरू नका. वर धार नावाच्या झऱ्याचं पाणी गोडं आणि खाली सरोवर क्षारी, हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्या. कमळजादेवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीरही तिच्या गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र पाण्याची पातळी वाढली असेल तर खालपर्यंत जाता येईलच असं नाही. वनरक्षकांना विचारून उतरा. हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ ठिकाणही. दगड, पाणी, माती काही उचलून आणू नका. परतताना गाडीत मुलांना एकच प्रश्न टाका: आणखी कोणकोणत्या गोष्टींना आपण न तपासता निकामी ठरवलं आहे? उत्तर लगेच मागू नका.

एक इशारा

प्रत्येक अपयशामागे ‘न वापरलेली क्षमता’ शोधणं हाही अन्याय आहे. दोन वर्षं पाऊस दगा देतो, कापसाला भाव मिळत नाही, कर्ज थकतं. अशा वेळी शेतकऱ्याला आत्मविश्वासाचं व्याख्यान देणं क्रूरपणाचं ठरतं. त्याला पाणी, भाव आणि मुदत हवी असते. तसंच झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. बरं वाटू लागल्यावर वर सांगितलेल्या पायऱ्या कुठे पळून जात नाहीत.

एवढं सगळं एकदम करायला घेऊ नका. या रविवारी घरातल्या एकाच माणसाची निवड करा, ज्याच्याबद्दल तुमचं मत पक्कं झालेलं आहे. त्याला महिनाभरासाठी एक नवं, खरं काम द्या आणि वहीत पहिली तारीख टाका. महिन्याअखेरीस मत तेच राहिलं तरी हरकत नाही. निदान ते तपासून बनवलेलं असेल.